लाँचरच्या नाकावर टिच्चून

रविवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. भर पंगतीत नाक कापलं गेलं.

साडूने मोबाइल काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं की मी मंगळवारी दुपारी एक ते चार ट्रकचा गेम खेळत होतो. बुधवारीही. गुरुवारी साडेचारपर्यंत. बायकोला मी दुकानात कुलपांची मोठी ऑर्डर असल्याचं सांगितलं होतं. तिने फक्त माझी पाण्याची बाटली उचलून स्वतःजवळ ठेवली. लक्षण ठीक नाही.

वर साडू म्हणतो, इतके तास घालवूनही ‘खाण ते बंदर’ फेरीला एकतीस मिनिटं? मी अठरा मिनिटं बेचाळीस सेकंदांत पोचतो. सासरे खो खो हसले. सासऱ्यांना खाण कुठली नि बंदर कुठलं, पत्ता नाही.

ही चुगली लाँचरने केली. लाँचर म्हणजे गेमच्या दारात बसवलेला वॉचमन. गेम उघडायला जावं तर आधी हा उघडतो, पासवर्ड विचारतो, अपडेट घेतो आणि आपल्या नावापुढे हिरवा ठिपका लावून ओळखीच्या सगळ्यांना दवंडी पिटतो.

दोघांचाही सूड घेणार. आधी लाँचर, मग साडू.

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी १.१०.

बेत पक्का. लाँचरला बगल देऊन गेम थेट सुरू करायचा. कुणाला न कळता सराव. साडूचा विक्रम मोडायचा. मग भर पंगतीत जाहीर करायचं.

बावीस वर्षं किल्ल्या बनवतोय. किल्ली हरवलेल्या तिजोऱ्या उघडल्यात. हे तर नुसतं सॉफ्टवेअर.

१.२५. शटर अर्धं ओढलं. लॅपटॉपमध्ये गेमचं फोल्डर शोधून काढलं. आत ट्रकचं चित्र असलेली फाइल. डबल क्लिक. लाँचर उघडला.

१.४०. पुन्हा तेच. फाइलचं नाव बदललं, तरी तोच. फाइल दुसरीकडे नेली, तरी तोच. चौदा वेळा.

१.५५. साडूचा मेसेज. भाऊ, चौदा वेळा येऊन गेलात, काही अडचण आहे का?

खिजवतोय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

लाँचर मुळासकट काढून टाकला. पाच मिनिटं फार छान वाटलं. मग लक्षात आलं की त्याने जाताना गेमही नेला.

खुनशी जात.

लाँचर परत आणला. गेम डाउनलोड होतोय. चार टक्के.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

एकसष्ट टक्के.

मेव्हणीने बायकोबरोबर कपाटाची किल्ली पाठवली, डुप्लिकेट हवी म्हणे. साडूचं कपाट! शत्रू स्वतःहून तावडीत आला. किल्ली केली, पण तिसऱ्या दाताला कानस जरा जास्त मारली. केसभर. लागेल, पण फिरणार नाही. मग साडू रोज सकाळी झटेल आणि झिजेल.

बायको म्हणाली, आज फार खुशीत दिसताय. कामाचा आनंद, म्हणालो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपारी २.

फत्ते!

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारलं (माझ्या एका मित्राला हवंय, असं सांगून). तो म्हणाला, त्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा, तिच्यात फक्त गेमचा नंबर लिहा, इंटरनेट बंद करा आणि मग गेमच्या फाइलवर क्लिक करा. तुमच्या मित्राला जमेल. पुढे आणखी ‘पण असं केलं तर’ वगैरे काहीतरी सांगत होता. काम झाल्यावर ऐकत बसणं माझ्या स्वभावात नाही.

क्लिक केलं. थेट ट्रक! ना पासवर्ड, ना अपडेट, ना हिरवा ठिपका. वॉचमन दारात झोपलाय आणि मी आत बसून हॉर्न वाजवतोय.

आता साडूला वाटेल, गेला बिचारा गेम सोडून.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

कपाटाचं प्रकरण थोडं वेगळ्या दिशेने गेलं. किल्ली फिरली नाही. तशीच अडकली. मेव्हणीचा फोन आला आणि बायको मला हाताला धरून घेऊन गेली. सगळी हत्यारं लावली. दोन तास. तेवढ्यात साडू कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने मागची फळी चार स्क्रू काढून बाजूला केली आणि चार मिनिटांत कुलूप आतून सोडवलं. वर म्हणाला, होतं असं कधीकधी, भाऊ.

‘होतं असं’! मीठ चोळायची ही रीत.

नंतर दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, हल्ली दिसत नाही तुम्ही. मी म्हणालो, दुकानात कामं फार. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

तेवीस मिनिटं! चार दिवसांत आठ मिनिटं वाचवली. लाँचरच माझा वेग खात होता, याचा हा पुरावा.

आता रस्त्यावर एकही दुसरी गाडी नसते. ट्रक कड्याला घासला तरी ओरखडा येत नाही. परवा दरीत गेलो, तर आपोआप रस्त्यावर परत. हात बसला की असं होतं. वर कोपऱ्यात सारखं ‘सराव’ असं येतं. खरंच आहे. सरावानेच आलं हे सगळं.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

एक बाई दुपारी वीस मिनिटं शटर बडवत होत्या. घराची किल्ली आत राहिलेली. मी शेवटच्या उतारावर होतो, जागचा हललो नाही. त्या मोबाइलवाल्याच्या दुकानात बसल्या. त्याने त्यांना सांगितलं की दुकानदार आत आहेत, मित्राचं काम करतायत.

गिऱ्हाईक गेलं. वीस मिनिटं दोन सेकंद. युद्धात नुकसान व्हायचंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी २.४०.

अठरा मिनिटं एकतीस सेकंद!!

साडू अकरा सेकंदांनी चीत. खुर्चीवर उभा राहिलो. पंख्याला हात लागला.

रविवारी सगळ्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. बायकोला नवल वाटलं. म्हणाली, स्वतःहून? मी म्हणालो, नाती जपावी लागतात.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी ४.

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप टेबलावर मधोमध ठेवला. सासऱ्यांना पुढची खुर्ची दिली. विक्रम यादीत दाखवायचा तर लाँचर उघडणं भाग होतं. उघडला. त्याने अपडेट घेतलं. बावीस मिनिटं. सासऱ्यांना डुलकी लागली.

मग यादीचं पान उघडलं. शेवटचा खेळ, ३० जानेवारी. माझी वेळ, एकतीस मिनिटं पाच सेकंद. खाली बारीक अक्षरांत, सरावाच्या फेऱ्या धरल्या जात नाहीत.

मी म्हणालो, थांबा, हे चुकीचं आहे. मेव्हणी म्हणाली, बरं.

बाजूला साडूचे मेसेज होते. नऊ. सगळे दुपारी सव्वाएकचे. आलात का? आज नाही? बरोबर दोन ट्रक काढू का, मी हळू चालवतो. त्या रविवारी जास्तच बोललो का? बाकीचे वाचायच्या आत साडूने लॅपटॉप हळूच मिटला.

मग तो म्हणाला की डब्याच्या सुट्टीत तो लिफ्टच्या मशीनरूममध्ये लॅपटॉप घेऊन एकटाच असतो, आणि माझा ठिपका दिसला की बरं वाटायचं. ठिपका दिसेना म्हणून गुरुवारी त्याने गेम काढून टाकला. एकट्याने काय चालवायचा, म्हणाला. मग त्याने माफी मागितली. सगळ्यांसमोर. मला.

एवढी तयारी केली आणि शत्रूच उरला नाही. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते सगळं राहिलं. मी म्हणालो, पाणी देऊ का?

ते गेल्यावर बायको ताटं उचलताना म्हणाली, किल्लीचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १.१५.

शटर पूर्ण वर. लाँचरमधूनच गेम उघडला. पासवर्ड दिला. अपडेट घेऊ दिलं.

‘खाण ते बंदर’, ओळखीच्यांची यादी. पहिला क्रमांक, मी. एकूण स्पर्धक, एक.

साडूला मेसेज पाठवला, आलात का?

१.४०. उत्तर नाही.

२.१०. एक गिऱ्हाईक आलं. सायकलच्या कुलपाची किल्ली. करून दिली.