मंद आचेवरचा राजमा

शनिवार, ४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

कांदा अर्धा कापून झालाय. डोळे पुसायला थांबलो, तेवढ्यात लिहून घेतो. राजमा रात्री भिजत घातला होता, टपोरा फुगलाय. तो, टोमॅटो, लसूण, सॉसेजच्या चकत्या, सगळं तू पाठवलेल्या स्लो कुकरमध्ये गेलं. आता कांदा, मग बटण मंदवर, आठ तास. तांदूळ शेवटच्या तासाला. तू लिहून दिलेला कृतीचा कागद ओट्यासमोर चिकटवलाय. मी फिटर माणूस. नकाशात आहे तेवढंच करतो, उगाच अक्कल पाजळत नाही.

मुलं तीनला येतील, उद्या सकाळपर्यंत राहतील. आम्ही वेगळे झाल्यापासून पहिल्यांदाच. तुझी वहिनी म्हणाली, एवढं नीट पार पडलं तर दर शनिवारी पाठवीन. बारक्याने विचारलं, बाबाला जेवण करता येतं का. म्हटलं, आत्याला येतं तेवढं येतं.

हसू नकोस. कॅन्टीनमध्ये दोनशे पानं वाढणारीला तीन पानांची धास्ती काय कळणार! लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा


मंगळवार, ७ मार्च

ती. दादास सा. न.

पत्र आज मिळालं. ‘टपोरा फुगलाय’ इथंच मी थांबले. दादा, राजमा आधी उकळायचा असतो. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात, चांगला खळखळ, दहा-पंधरा मिनिटं. नाहीतर बाधतो. मंद कुकरमध्ये त्यातलं विष मरत नाही.

ते मी लिहिलंच नाही. आमच्याकडे सकाळच्या पाळीची बाई राजमा उकळून ठेवते. मी नऊला जाते तेव्हा तो पातेल्यात तयार असतो. माझा हात जिथून लागतो तिथून मी लिहिलं.

आत्ता फोनवर तू म्हणालास, पोटं जरा बिघडली होती. जरा म्हणजे किती? वहिनीला मी सांगते, चूक माझी. रागाव, पण परकी करू नकोस.

धाकटी


शुक्रवार, १० मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

सांगू नकोस. मी वाढत होतो, मुलं आधी जेवली. दोन तासांत दोघांना उलट्या सुरू झाल्या. बारक्याला सलाइन लावावं लागलं. आता ठणठणीत आहेत, शाळेत जातात. तुझ्या वहिनीला म्हटलं, मीच धांदरटपणा केला. शनिवार बंद झाले. सुट्टीत मुलं तुझ्याकडे येतात, ते तरी राहू दे. आपल्यातलं एक घर त्यांना तुटलं, तेवढं पुरे.

दादा


रविवार, २ एप्रिल

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

त्या दिवशीचा राजमा दादाने माझ्या कागदावरून केला होता. उकळायचं मी लिहिलं नव्हतं. त्याने ते स्वतःवर घेतलं आणि मी तीन आठवडे घेऊ दिलं. सुट्टीत मुलं माझ्याकडे यायला हवी होती, म्हणून. दुसरं कारण नाही. हवं तर सुट्टीत पाठवू नकोस, पण त्याच्याकडे पाठव.

उत्तर दिलं नाहीस तरी माझी माया आहे तिथेच आहे.

धाकटी


गुरुवार, ६ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू गप्प राहिलीस याचा राग आला. कागदातली ओळ राहून जाते, त्याचं काही नाही. पण त्या दिवशी जेवताना थोरली म्हणाली होती, दाणा कच्चट लागतोय. तुझ्या दादाने कागद पाहिला आणि म्हणाला, आठ तास झालेत. स्वतः एक दाणा चावून पाहिला असता तर! बारा वर्षं हेच बघितलं. सांगितलेलं काम चोख, त्यापलीकडे काडी हलायची नाही.

या शनिवारी मुलांना पाठवते. डबे सोबत देईन. चिठ्ठीत लिहिलंय, डब्यातलंच खायला द्यायचं. सुट्टीचं मग बघू. तू एकदा येऊन जा. स्वयंपाक मी करीन!

तुझी वहिनी


रविवार, ९ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

नको म्हटलं तरी सांगितलंस. बरं केलंस. मुलं आली. बारक्याने त्याच्या डब्यातलं मला भरवलं. थोरली आधी दाराशीच बसली होती, मग पत्ते खेळली, दोनदा मला हरवलंही.

आज सकाळी बारक्याला भूक लागली. डबे संपले होते. घरात ताजा पाव होता, लोणी होतं. चिठ्ठीत डब्यातलंच असं होतं, म्हणून दिलं नाही. म्हटलं, आई येईलच. नऊला ती आली. त्याने भूक लागल्याचं सांगितलं. तिने पावाकडे पाहिलं आणि विचारलं, का नाही दिलास. मी चिठ्ठी दाखवली. ती तिने वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मुलांना घेऊन गेली. पुढच्या शनिवारचं काही बोलली नाही.

दादा