बाबांच्या चष्म्याची जाडी

बाबा, मागच्या महिन्यात मी तुमचा चष्मा मोजला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी? म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नुसती बी.एस्सी.ला होते. आता अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. तेही तुमच्याच धंद्यातल्या मालावर, ऐकून हसाल. अवकाशातून जड कण येतात, फुटलेल्या ताऱ्यांमधून निघालेले, लोखंडाचे आणि त्याहून जड मूलद्रव्यांचे. ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत, वरच्या हवेतच त्यांचे तुकडे होतात. म्हणून त्यांना पकडायला सापळा अवकाशातच न्यावा लागतो. आणि तो सापळा म्हणजे काय, तर एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या चकत्या. तुमच्या अकोल्याच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक ज्याला 'फायबरची काच' म्हणायचं ना, तेच प्लास्टिक! जड कण त्यातून आरपार जातो, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. मग चकती खाली आणून गरम कॉस्टिक सोड्यात बुडवायची. जिथून कण गेला तिथं सोडा जास्त कुरतडतो आणि खड्डा उमटतो. खड्डा जितका मोठा, तितका कण जड.

अशा जुन्या, वर जाऊन आलेल्या चकत्यांचे काही तुकडे माझ्याकडे वाचायला आले आणि एका तुकड्यात मला असा खड्डा दिसला की मी खुर्चीतून उठलेच. लोखंडाच्या कितीतरी पुढचं काहीतरी असावं, असा कण हाती लागला तर माणसाचं आयुष्य मार्गी लागतं. पण त्याच्या खालची चकती आधीच खराब झालेली, त्यामुळे पडताळा घ्यायची सोय नाही. बाकीचे म्हणाले, मॅडम, प्लास्टिक म्हातारं झालं की असे खड्डे आपोआप पडतात, सोडून द्या. आता तेवढंच म्हातारं, त्याच जातीचं, पण कधीही जमीन न सोडलेलं प्लास्टिक मी आणू कुठून? आणि एकदम आठवलं. तुमचा चष्मा! आईच्या कपाटात आहे, तुम्ही गेल्यापासून तिथंच आहे.

एका काचेचा बळी द्यावा लागणार हे ठाऊक होतं. सोड्यातून निघालेली काच धुरकट होते, ती परत चष्म्यात शोभत नाही. तुमची दुसरी वस्तू माझ्याकडे नाही. तरी आणला. लोकांना दाखवायला नव्हे, एवढ्यानं कुणी मानत नाही, पण माझ्या मनाला कळायला हवं होतं. बुडवण्याआधी जाडी मोजायची असते, तशी मोजली. मध्ये घेतली, कडेला घेतली. सारखी! म्हटलं, माझंच चुकलं. पुन्हा मोजली. लांबचा नंबर असेल तर काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असायला पाहिजे, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मग तुमचीच दुकानातली रीत केली, काच हातात धरून पलीकडच्या खिडकीच्या गजाकडे पाहिलं आणि काच हलवली. नंबर असता तर गजही सरकताना दिसला असता. गज जागचा हलला नाही. बाबा, नंबरच नव्हता हो त्याच्यात!

मी तिसरीत आहे. शाळेत फळा दिसत नाही म्हणून तुम्ही माझे डोळे तपासता आणि मी दुकानाच्या काउंटरखाली बसून रडते, कारण आता पोरी मला ढापणी म्हणणार. संध्याकाळी तुम्ही माझा चष्मा घेऊन घरी येता, आणि तुमच्याही नाकावर एक नवा! आजी दारातच विचारते, "हे काय रे?" तुम्ही म्हणता, "मले बी नंबर निघाला, माय. आपल्याच घराण्यातून आलं पोरीले." मला केवढा आनंद झाला होता! तेव्हापासून प्रत्येक डोळ्यांच्या डॉक्टरला मी छातीठोकपणे सांगत आले की वडिलांचे डोळे अधू होते. बारीक काम करताना तुम्ही चष्मा कपाळावर ढकलायचात, लांबचा नंबर असलेली माणसं तसंच करतात, मला शंका कशी यावी? पण मोजणं हा माझा धंदा आहे आणि घरातला खोटा चष्मा मला ओळखता आला नाही, याचा राग कुणावर काढू?

बडनेऱ्याला गाडी धरली आणि तडक अकोला गाठलं. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चपला काढायच्या आत विचारलं. तिनं मान वर केली नाही. "तुह्या बापाले कायचा नंबर?" ती म्हणाली. "समोरच्या रस्त्यावरची पाटी वाचे तो." मग काहून घातला, म्हटलं. तेव्हा तिनं सूप बाजूला सरकवलं. "डोये माहे अधू होते, वं. लग्नात माह्या बापानं लपवलं. तुले चष्मा लागला म्हटल्यावर तुही आजी मले इचारल्याशिवाय राहिली असती का? आंधळी गळ्यात मारली म्हणून माह्या माहेराचा उद्धार केला असता. तुह्या बापानं सगळं सोतावर घेतलं." आणि मला भाकरी थापणारी आई दिसली, तव्यावर इतकी वाकलेली की कपाळाला आच लागावी. डाळीतले खडे डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शोधणारी. तिचा चष्मा आजी गेल्यावर आला, तो म्हातारपणाचा आहे असंच आम्ही धरून चाललो. अरे देवा! चष्म्याच्या दुकानदाराची बायको ती. तुम्ही दोघं एवढं गिळून बसलात आणि माझ्यासमोर रोज जेवलात.

काच मी बुडवली, बाबा. रडत बुडवली, पण बुडवली. घरातल्या हवेतल्या किरणोत्सारानं कुठल्याही प्लास्टिकवर पडतात तसे बारीक ठिपके निघाले, मोठा खड्डा एकही नाही. म्हणून माझा कण मी सोडलेला नाही, भांडते आहे. पण आईचा रोज फोन, "चष्मा आण वं, कपाटात जागा खाली दिसते." धुरकट काच घेऊन कशी जाऊ? इथल्या चष्मेवाल्याकडून डाव्या बाजूला नवी बसवून घेतली. त्यानं नंबर विचारला. झिरो म्हटलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. रविवारी चष्मा नेऊन दिला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता तिला चांगलं दिसतं, नवी काच ती ओळखेल अशी मला धास्ती होती. तिनं दोन्ही काचा पदरानं हळूहळू पुसल्या, चष्मा गालाला लावला आणि म्हणाली, "तुह्या बापाचा हात लागला हाये याले." डाव्या काचेला लागलेला नाही, बाबा. हे मी तिला सांगितलेलं नाही.