नागलीचा रिपोर्ट

पेठ तालुका,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

ती. सरिताताईस,
लखनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारीच आलं होतं. आईने घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणे ते रविवारपर्यंत कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलं आणि आज बाबा, सविता व मी चुलीपाशी बसून उघडलं. एकट्याने आधी वाचायचं नाही, म्हणजे नाही. सविता म्हणते, बाकीच्यांचे नवरे मोबाइल बघतात, माझा टपाल वाचतो. पाड्यावर रेंज आली की मीही बघेन, असं तिला सांगून ठेवलंय.

बाबांचं विचारलंस. जानेवारीत आई गेल्यापासून हो-नाहीपलीकडे न बोलणारा माणूस आता दिवसभर कुत्रीशी बोलतो. मार्चमध्ये तू तो हायवेवर सापडलेला लंगडा जीव इथे आणून सोडलास, तेव्हा मी वैतागलो होतो. माझे शब्द मागे घेतो. नागलीच्या दाण्यासारख्या तांबूस रंगावरून बाबांनीच तिचं नाव नागली ठेवलं. ती त्यांच्याच हातून खाते आणि तिने खाल्ल्याशिवाय ते घास घेत नाहीत. आता तर कुणी न शिकवता ती शेळ्या वळते. फुटलेली शेळी अशी बरोबर कळपात आणते की बाबा लोकांना बोलावून दाखवतात.

काळजी एकच. पाऊस सरला आणि तिच्या अंगावर गोचीड फार झालेत. बाबा रोज वेचतात, पण पुरे पडत नाही. काही इलाज असला तर कळव.

पत्र लिहायला विसरू नकोस. इथे रविवारची वाट बघणारे तिघे आहेत.

तुझा,
लखन


नाशिक,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. लखन यास अनेक उत्तम आशीर्वाद. ती. बाबांना शि. सा. न.

माझ्या हॉस्पिटलमध्ये तापाचे पेशंट वाढलेत, सलग ड्यूट्या चालू आहेत. जेवणात काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. बाकी ठीक.

आता एक गंमत. जनावरांच्या दवाखान्यातली माझी मैत्रीण तबस्सुम, जिने नागलीला हायवेवरून उचललं, तिने तेव्हाच नागलीच्या गालातून कापसाची काडी फिरवून डीएनए तपासणीला पाठवली होती. तो रिपोर्ट आत्ता आला. बाबा, तुमची नागली नुसती गावठी नाही! तिच्या आईकडून आणि बापाकडूनही थंड मुलखातल्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचं रक्त आहे. कुणीतरी हौसेने पाळून सोडून दिलेल्यांची ही नात, असं तबस्सुम म्हणते. शेळ्या वळायला कुणी शिकवलं नाही म्हणता ना, तिच्या आजोबांनी शिकवलं. आता तिला नागलीची भाकरी कशी घालता, बिस्किटं आणा.

लखन, सविताला सांग, मी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय, थंडीआधी होईल.

आणखी एक. गोचिडांसाठी मी वेगळं औषध पाठवते. शेळ्यांचं औषध मात्र तिला चुकूनही देऊ नका. त्या विलायती रक्तातून एक दोष आलाय, ते औषध तिच्या मेंदूत जाऊन भिनतं. साध्या गावठी कुत्र्याला सोसतं, तिला सोसणार नाही.

सगळ्यांनी तब्येती सांभाळा, आणि माझ्यावर रागावायचं असेल तर पत्रातूनच रागवा.

तुझी,
ताई


पेठ तालुका,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

नागली गेली.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. मी ते कुडात खोचलं. त्याच दुपारी बाबांनी शेळ्यांना गोचिडाचं औषध पाजलं आणि उरलेलं भाकरीत कुस्करून नागलीला दिलं. आधीच्या दोन्ही कुत्र्यांना त्यांनी हेच दिलं होतं, कधी काही झालं नव्हतं. मी समोर होतो ताई. पत्र माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर होतं.

शनिवारी सकाळी ती झोकांड्या खायला लागली. मग तिला दिसेना. भिंतीला डोकं लावून उभी राहिली, तोंडातून लाळ. बाबांनी हाक मारली की भलतीकडेच वळायची. पेठच्या डॉक्टरांकडे न्यायला गाडी मिळेपर्यंत बाबांच्या मांडीवर संपली.

तरीही रविवारी बाबा म्हणाले, पत्र वाच. वाचत गेलो. थट्टेपाशी ते किंचित हसले, मग रडले. नंतर शेळ्यांच्या औषधाची ती ओळ आली. मी ती गिळली आणि खालचं वाचलं.

बाबांची समजूत आहे की साप चावला. परसातली लाकडाची रास ते सकाळपासून एकेक ओंडका काढून उपसतायत, साप शोधतायत. शोधू देत. खरं कळलं तर हा माणूस पुन्हा भाकरीला हात लावायचा नाही. तू पत्रात याचा शब्द काढू नकोस. हे पत्र फाडून टाक.

मला काही सुचत नाही.
लखन


नाशिक,
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

चि. लखन,

हे पत्र सविताच्या भावाच्या हाती पाठवतेय, म्हणजे कुडात जाणार नाही.

चूक माझी आहे. मी फोन करायला हवा होता. नाक्यावर पुंजारामच्या दुकानात फोन लावला असता तर त्याने तासाभरात पाड्यावर माणूस धाडला असता. पण जानेवारीत तिथेच फोन करून मी आईचं कळवलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, आता त्या दुकानावर पुन्हा फोन नको. त्यांना घाबरवायला नको म्हणून मी पत्र लिहिलं. त्यातही आधी स्वेटर आणि मग ते औषध! मी नर्स आहे, लखन. कोणतं आधी सांगायचं हे माझं रोजचं काम आहे.

वर मीच थट्टा केली की भाकरी घालू नका. ते आठवून मला झोप लागत नाही.

मी बोलणार नाही. भाऊबीजेला येते.

तुझी अभागी,
ताई


पेठ तालुका,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. सरिताला झिपरूचा आशीर्वाद.

सविता लिहितेय, मी सांगतोय. लखन बाजाराला गेला हाय.

भाऊबीजेला आलीस, दोन दिवस माझ्याकडं बघितलं नायस. तवाच ओळखलं. तुझी समदी पत्रं तुझ्या आईच्या पेटीत हायत. मला वाचता येत नाय, पण मोजता येतात. एक कमी होतं. लखनच्या सदऱ्याच्या खिशात घावलं, तेच नागलीच्या रिपोर्टाचं. सविताकडून वाचून घेतलं, दोनदा. ती नको म्हणत होती, तिला बोल लावू नको.

मी माझ्या हातानं दिलं. ती दुसऱ्या कुणाचं खात नव्हती, म्हणून तर मी दिलं. कडू लागलं आसंल, पण माझ्या तोंडाकडं बघून खाल्लं. लय वाईट झालं पोरी. तुझी आई गेली तवा माझा हात नव्हता त्यात. आता हाय.

तुझ्या आईचा रिवाज मोडला मी. पत्र आलं की उभ्या उभ्या उघडायचं, सविताला सांगितलंय. तू बी पुंजारामकडं फोन कर. चांगलं आसो, वाईट आसो, कर.

लखनला यातलं कळू देऊ नको. त्याला वाटतं, त्यानं बापाला वाचवलं. रोज कामावरनं आला की विचारतो, साप घावला का. मी म्हणतो, नाय, उद्या बघतो. म्हणून रोज सकाळी लाकडं उपसतो, आन् सांजच्याला परत रचतो.

जपून राहा. बापावरची माया कमी करू नको.

झिपरू
(अंगठा)