पायाळूची लाथ आणि मामीची कंबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. तुमच्यापुढं पालथं पडायची सवय साऱ्या काटेवाडीला आहेच!

मामीच्या कमरेवर गेल्या महिन्यात बारामतीत उपचार झाले. लाथ न मारता! ही बातमी तुम्हाला दुसरं कुणी कळवायचं नाही, म्हणून मीच लिहितो.

जन्मताना तुमचे पाय आधी बाहेर आले, म्हणून तुम्ही पायाळू. एवढ्या पराक्रमावर माणसानं जन्मभर मिरवावं? उसण भरली की भिगवणपासून लोक यायचे, ओट्यावर पालथे पडायचे आणि तुम्ही डावा पाय हाणायचात. मी संस्कृतचा मास्तर. थट्टेनं 'पादप्रहारचिकित्सा' म्हणालो, तर तुम्ही ते भिंतीवर रंगवून घेतलंत!

लोकांचं सोडा. मामी म्हशीच्या धारेला बसली की तिला उठवत नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही कडाडायचात, "पायाळूची बायकू डाक्टरकडं? मंग माझ्या पायाला कोन इचारंल?" बायकोला लाथ मारून वर पुण्य जोडणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. स्वतःची कंबर धरली तेव्हा मात्र गुपचूप इंदापूरला जाऊन इंजेक्शन घेतलंत. मला कळलं नव्हतं असं वाटलं काय?

डॉक्टरांनी आधी दुखण्याची वर्दी देणारी बारीक नस बधिर करून पाहिली. दुखणं थांबलं, म्हणजे तीच गुन्हेगार ठरल्यावर पुढच्या खेपेला, पडद्यावर बघत, सुईच्या टोकानं ती तापवून निकामी केली. चिरफाड नाही, संध्याकाळी मामी घरी. "नस पुन्हा वाढते, दुखणं परतू शकतं," हेही त्यांनी सांगून टाकलं. एवढं खरं तुमचा पाय कधी बोलला होता का हो?

तुमच्या फोटोखाली पाटावर कालपर्यंत तुमची वहाण असायची. तुम्ही गेल्यावरही लोक यायचे, ती कमरेला लावून घ्यायचे. काल मामी पाटापुढं उभी राहिली आणि वाकली. मामा, वाकली! वहाण उचलून दाराबाहेर ठेवून आली.

"वहान घरात कशापायी? दारातच बरी."

"मामी, लोक काय म्हणतील?"

"म्हनू देत. त्यांनी एकेकदाच लाथ खाल्ली. मी रोज."

मामा, तुम्हाला वचन देतो. ती वहाण पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. आणि दुखणं परतलंच, तर मामीला मी घेऊन जाईन, तुमच्या फोटोला न विचारता.

तुमच्या डाव्या पायाला कधीही न भ्यालेला भाचा,
श्रीधर