पाण्याखालची टकटक

नांदेड, रविवार, संध्याकाळ

थोरली बहीण, अक्का, वारल्यावर आज पहिल्यांदा पोहायला गेले. बुडी मारताच टकटक ऐकू आली. तलावाच्या शिडीला धरून उभ्या बाईच्या हातातलं कडं लोखंडाला लागत होतं.

लहानपणी गावी, देवणीच्या विहिरीत अक्का पाण्याखाली दोन दगड वाजवायची. मी डोळे मिटून तिला शोधायचं. पण पाण्यात आवाज चहूकडून येतो, दिशा कळतच नाही. मी भलत्याच कडेला जायचे.

"येडे, मी हितंच हाय की!"

चुकून जवळ पोचलेच, तर ती तोंडाने बुडबुडे सोडायची. त्यांत टकटक विरून जायची. लबाड.

आज ते कडं आहे हे माहीत होतं. मग डोळे का मिटले? दिशा कळत नव्हती, म्हणून अक्का कुठेही असू शकत होती. छाती दुखेपर्यंत मी एकही बुडबुडा सोडला नाही.