राखणदार उठून गेला

२ नोव्हेंबर
छापून आली! दिवाळी अंकात, माझी गोष्ट! पहिलंच वाक्य — 'घराचा राखणदार उठून गेला, जाताना एक शब्द बोलला नाही.' राखणदार म्हणजे बाबा. मिरजोळ्याच्या कंपनीतली नोकरी मी लिहिण्यासाठी सोडली, तेव्हापासून अबोला. जन्म बोटीवर गेला त्यांचा, आधीच बोलणं कमी. आता तेही आईमार्फत. 'तिला सांग, पंखा बंद कर.' आणि मी समोरच!
सरळ लिहायची हिंमत नव्हती, म्हणून प्रतिमा. कुणाला कळणार नाही.

४ नोव्हेंबर
कॉलेजातला विनीत फोनवर तासभर. 'राखणदार म्हणजे भांडवलशाही ना गं?' हो म्हटलं. काय करू, बरं वाटलं!

५ नोव्हेंबर
आईने वाचली. घाबरलीच. तिच्या लेखी राखणदार म्हणजे घर-वाडी राखणारा, डोळ्यांना न दिसणारा देव. 'अगो अक्षया, राखणदार गेला ते तुला कसं कळलं? स्वप्नात आला होता काय?' — आई, ती गोष्ट आहे. — 'गोष्टीत फणस आपला, फुटकी पायरी आपली. राखणदार तेवढा शेजाऱ्यांचा काय?'
बिनतोड. पण खरं सांगू कशी? बाबा ओटीवर पेपर वाचत बसलेले.

७ नोव्हेंबर
आई देवळात जाऊन आली. गुरवाने कौल लावला. देव म्हणतो — रुसलाय, आठवडाभर मान द्या. माझ्या प्रतिमेला ग्रामदेवतेचा दुजोरा!! कुठल्या समीक्षकाने दिला असता?
तिन्हीसांजेला फणसाखाली केळीच्या पानावर वडे आणि कोंबडीची सागोती. ठेवून मागे बघायचं नाही, तडक घरात. आम्हाला आमटी-भात.

९ नोव्हेंबर
पान रोज चाटूनपुसून साफ. आई खूश. 'जेवतो हो!' मी म्हटलं, मांजर असेल. 'तोंड आवर!'
बाबा हल्ली रात्री जेवत नाहीत. 'तिला सांग, भूक नाही.' माझ्यावरचा राग अन्नावर निघायला लागला.

१० नोव्हेंबर
उपमा, रूपकं, सगळं बंद! यापुढे खुर्ची म्हणजे खुर्ची. लिहिलं — 'ओटीवर खुर्ची होती.' वाचलं. बाबांची वाटायला लागली. फाडलं.

११ नोव्हेंबर
आज पान ठेवायला मी गेले. मागे बघितलंच. फणसाखाली बाबा, हातात तंगडी! सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, 'तो मीच ना गो? मग उद्यापासून ताटात वाढा. इथे मुंग्या आहेत.'