खिंडीच्या वाटेबाबत हरकत

टिंबर वॉश, युटा
९ मार्च

चि. थेन भाऊजींस,
लारूवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं तुरुंगातलं पत्र पोचलं. जेवणाला नावं ठेवलीत, म्हणजे तब्येत ठीक आहे.

तार बांधणारा सापडला. बाहेरगावचा आहे, खिंडीत तंबू ठोकून राहायचा. मोटरसायकलींचा आवाज नको म्हणून दोन झाडांमध्ये गळ्याच्या उंचीवर तार ताणली, असं त्याने शेरीफपुढे कबूल केलं. म्हणजे वाटेवरच्या घरात राहणाऱ्या, मोटरसायकलींवर खार खाणाऱ्या ज्या एमेट क्लॉसनचा जबडा तुम्ही फावड्याने फोडलात, त्याने तुमच्या भावाला मारलं नव्हतं. उलट यांचा गळा चिरल्यावर मदत येईपर्यंत त्यानेच स्वतःचा सदरा जखमेत कोंबून रक्त दाबून धरलं होतं. रुग्णवाहिकेवरच्या बाईंनी काल सांगितलं.

दुसरं म्हणजे, एवढा रक्तपात झाला म्हणून जमीन खातं खिंडीची वाट मोटरसायकलींना कायमची बंद करणार आहे. महिनाअखेरपर्यंत हरकती-सूचना घेतील. तुमच्या मोटरसायकल क्लबने गठ्ठाभर पाठवल्या, पण सगळ्यांचा मजकूर एकच, फक्त सह्या वेगळ्या. खातं ती एकच हरकत मानतं. तुमची तर शेरीफकडे गेली. वाट अडवायला फाटक बसवणाऱ्याचे हात उखडीन असं लिहिलं होतंत ना? खात्यातली मुलगी म्हणाली, बाई, ही हरकत नाही, धमकी आहे.

वाट बंद झाली तर त्या तारवाल्याच्या मनासारखं होईल. ते मला नको आहे. तुम्ही पुन्हा लिहा. वाटेचा क्रमांक, नेमकी जागा, तिथे तुम्ही काय काम केलंत, आणि बंदीऐवजी काय करता येईल. शिव्या नकोत.

मी माझी लिहिली. मदतीची गाडी त्याच वाटेने आत गेली, अरुंद वळणावर यांचं स्ट्रेचर उभं करावं लागलं, तेव्हा रक्त कुठून कसं वाहिलं, आणि वाट बुजली तर उद्या पायी जाणाऱ्यालाही मदत पोचणार नाही, हे सगळं. रडणं त्यात मोजत नाहीत, म्हणून ते वगळलं.

राग कमी करा, माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची वहिनी,
लारू


जिल्हा तुरुंग
१७ मार्च

ती. वहिनींस,
थेनचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून भिंतीवर डोकं आपटलं. खरोखरच. कपाळावर टाके आहेत. पहारेकऱ्याने विचारलं, भिंतीनेही तुझं काही वाकडं केलं होतं का.

क्लॉसन वाटेवर उभा होता आणि त्याचे हात दादाच्या रक्ताने कोपरापर्यंत भरले होते. मी तेवढंच पाहिलं. विचारलं काहीच नाही.

हरकत लिहिली. फाडून फाडून लिहिली, कारण दर खेपेला शेवटाला कुणाला तरी ठोकायचं यायचं. आता एवढंच उरलंय: दादाने आणि मी ओढ्याकाठी कुठे दगड रचून माती धरली ते, आणि क्लॉसनच्या घरापासून वरच्या झऱ्यापर्यंत गाडी माणसाच्या चालीनेच न्यावी, अशी सूचना. क्लबातले म्हणतील, थेनने शेपूट घातली. म्हणू देत. सुटल्यावर एकेकाला बघतो. म्हणजे नुसताच बघतो.

चुकलेल्या दिरावर लोभ असू द्या.

थेन


टिंबर वॉश
२ जून

चि. थेन भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. वाट उघडी राहिली. तुमची सूचना जशीच्या तशी घेतली आहे. माझ्या हरकतीपुढे ‘मदतकार्याचा मुद्दा ग्राह्य’ असं छापलंय. तुमच्या भावाचं मरण तेवढ्या शब्दांत बसलं.

काल मी यांची मोटरसायकल घेऊन खिंडीत गेले. हसू नका, दोनदा आपटले, गुडघा फुटला. क्लॉसनच्या घराशी वेग उतरवला, तसा तो बाहेर आला. जबडा वाकडाच जुळलाय, बोलणं अर्धं कळतं. ही मोटरसायकलींची भुतं अजूनही बंद करायला हवीत, असं काहीसं म्हणाला. तुम्ही कधी सुटणार तेही विचारलं. त्याने ते कोणत्या अर्थाने विचारलं, कळलं नाही.

मी निघाले, तसा त्याने कुंपणातला एक लांब बांबू उपसला आणि डोक्याच्या वर जाईल असा उभा धरून माझ्यापुढे चालू लागला. दोन झाडं जवळ आली की थांबायचा, बांबू हळूच पुढे करायचा, मग पाऊल टाकायचा. मी त्याच्या चालीने मागे. झऱ्यापर्यंत तो एकदाही वळला नाही.

झऱ्याशी बांबू खाली टाकला आणि म्हणाला, परत जाताना हाक मार.

घरी याल तेव्हा आधी त्याच्याकडे जाऊ. तोवर या घरावरचा जीव उणा करू नका.

तुमची वहिनी,
लारू